ऑथेल्लो : शत्रूचे शब्द जेव्हा आपल्या तोंडी येतात

माणसाला संपवायला दर वेळी सुरीच लागते असे नाही. कधी कधी एक शब्द पुरतो.

चाळीत, कारखान्यात, कचेरीत आपण हे पाहतो. एखाद्याला त्याच्या नावाने हाक मारायची नाही. त्याला कुठल्या तरी जनावराचे, रंगाचे नाहीतर कामाचे नाव चिकटवायचे. आधी ते नाव पाठीमागे घेतले जाते, मग हळूहळू तोंडावर येते. आणि एक दिवस तो माणूस स्वतःविषयी बोलताना तेच नाव वापरतो. आजूबाजूचे हसतात, तोही हसतो. पण त्या दिवशी त्याचे काहीतरी कायमचे हरवलेले असते.

या हरवण्यावर चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एक नाटक लिहिले गेले. विल्यम शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. आज जगातील बहुतेक मोठ्या भाषांत ते पोहोचले आहे. आपल्या मुलामुलींपैकी जे महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेतात, त्यांच्या हाती ते केव्हा ना केव्हा येतेच. परीक्षेत प्रश्न येतो : या नाटकातील उपमा, रूपके आणि पूर्वसंदर्भ स्पष्ट करा. मुले गाइड उघडतात, यादी पाठ करतात आणि मोकळी होतात. या यादीच्या आत एका माणसाचे मरण आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. एका गोष्टीला दुसऱ्या गोष्टीसारखी म्हटले की उपमा, आणि ती दुसरी गोष्टच आहे असे म्हटले की रूपक. जुनी कथा, देवतेचे नाव, एखादे गाव किंवा लढाई यांचा नुसता उल्लेख करून ऐकणाऱ्याच्या मनात सगळा अर्थ जागा करायचा, तो पूर्वसंदर्भ. शाळेत आपण यांना अलंकार म्हणतो. अलंकार म्हणजे दागिना, म्हणजे नसला तरी चालणारी वस्तू. ‘ऑथेल्लो’ नाटकातून मात्र ही रूपके काढून टाकली तर नाटकच उरणार नाही. कारण तिथे खून करवून घेण्याचे हत्यार हीच रूपके आहेत.

थोडक्यात गोष्ट

ऑथेल्लो हा व्हेनिस या इटलीतील श्रीमंत व्यापारी राज्याचा सेनापती. तो मूर आहे. उत्तर आफ्रिकेतील मुसलमानांना आणि काळ्या वर्णाच्या आफ्रिकी माणसांना त्या काळी युरोपात मूर म्हणत. ऑथेल्लो आता ख्रिस्ती झाला आहे, पराक्रमी आहे, पण व्हेनिसच्या लोकांत तो परका आहे. डेस्डेमोना ही तिथल्या एका बड्या घरची गोरी मुलगी. ती घरात न सांगता त्याच्याशी लग्न करते.

इयागो हा ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी. आपल्याला डावलून कॅसिओ नावाच्या तरुणाला बढती दिली, याचा त्याला राग आहे. ‘तुमची बायको कॅसिओच्या नादी लागली आहे’ अशी शंका तो ऑथेल्लोच्या मनात पेरतो. पुरावा काय, तर एक हरवलेला रुमाल. ऑथेल्लो निर्दोष बायकोचा जीव घेतो. इयागोची बायको एमिलिया सत्य उघड करते आणि नवऱ्याच्या हातून मरते. ऑथेल्लो स्वतःला भोसकून घेतो.

एवढीच गोष्ट आहे. १६९३ साली टॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकाराने तिची टर उडवली होती. रुमालावरून एवढा कल्लोळ कशाला, असा त्याचा सवाल होता. रायमरने रुमाल पाहिला. रुमालाच्या आधी दोन अंक जे शब्द पेरले गेले, त्यांच्याकडे त्याने लक्ष दिले नाही.

नाव नसलेला नायक

नाटक सुरू होते मध्यरात्री, रस्त्यावर. इयागो आणि त्याचा एक जोडीदार डेस्डेमोनाच्या बापाच्या खिडकीखाली उभे राहून आरडाओरडा करतात. बापाला ते काय सांगतात? तुमच्या मुलीने लग्न केले, हे साधे वाक्य इयागो बोलत नाही. काळा मेंढा तुमच्या पांढऱ्या मेंढीवर चढला आहे, असे तो सांगतो. पुढे मेंढ्याचा घोडा होतो, आणि तुमची नातवंडे घोड्यासारखी खिंकाळतील असे तो म्हणतो. जोडीदार ओठांच्या जाडीवरून टोमणा मारतो.

प्रेक्षकाने अजून ऑथेल्लोला पाहिलेले नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे मेंढा आला, घोडा आला, सैतानही आला. माणूस रंगमंचावर येण्याआधी त्याचे जनावर येऊन उभे राहिले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या पहिल्या प्रवेशात ऑथेल्लोचे नाव कुणीही घेत नाही. दुसऱ्या प्रवेशातही घेत नाही. तिसऱ्या प्रवेशात राज्याच्या सभेत ड्यूक पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारतो. का? तर तुर्कांचे आरमार सायप्रस बेटावर चालून आले आहे आणि लढायला हा माणूस हवा आहे. गरज पडली तेव्हा नाव आठवले. गरज नव्हती तेव्हा तो नुसता ‘मूर’ होता.

डेस्डेमोनाचा बाप तर या माणसाला पूर्वी आदराने घरी जेवायला बोलवत असे. आता तोच म्हणतो की त्याने माझ्या मुलीवर जादूटोणा केला, नाहीतर ती अशा काजळीसारख्या काळ्या छातीशी गेली नसती. जेवणाच्या पंगतीत चालणारा माणूस जावई म्हणून चालत नाही. हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

मग ड्यूक बापाची समजूत घालतो. गुण हेच रूप मानले तर तुझा जावई काळ्यापेक्षा गोराच अधिक आहे, अशा अर्थाचे तो बोलतो. वरवर ही स्तुती आहे. पण नीट ऐकले तर तिच्यातही चांगले म्हणजे गोरे आणि वाईट म्हणजे काळे हेच माप आहे. शिवी देणारा आणि स्तुती करणारा, दोघांच्या हातात तराजू एकच.

त्या काळचे लंडन

हा तराजू शेक्सपिअरने हवेतून आणलेला नाही. १५९६ साली राणी एलिझाबेथच्या सरकारने देशातल्या काळ्या लोकांना बाहेर पाठवण्याविषयी पत्रे काढली होती. त्यानंतर चारच वर्षांनी, १६०० साली, मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील लंडनमध्ये येऊन सुमारे सहा महिने राहिला. त्याचे तैलचित्र काढले गेले, ते आजही आहे. म्हणजे एका हाताने हाकलणे आणि दुसऱ्या हाताने मुजरा करणे, दोन्ही चालू होते. आणि चर्चमधल्या चित्रांत सैतान काळाच रंगवलेला असे.

तुर्कांचा उल्लेखही असाच भरलेला आहे. नाटकात वादळ येते, तुर्कांची गलबते बुडतात आणि सायप्रस वाचते. पण १६०४ साली नाटक पाहणाऱ्यांना ठाऊक होते की खरे सायप्रस तुर्कांनी १५७० ते १५७१ या काळात व्हेनिसकडून जिंकून घेतले होते. समोर बसलेल्या राजा जेम्सने तर १५७१ च्या लेपांटोच्या आरमारी लढाईवर स्वतः कविता लिहिली होती. म्हणजे नाटकातला विजय प्रेक्षकांना पहिल्या क्षणापासून तात्पुरता वाटत होता. बाहेरचा शत्रू लढाई न होताच बुडाला. आता नाश व्हायचा तो आतून. पूर्वसंदर्भ असे काम करतो. एक गाव किंवा एक लढाई नुसती नावाने घेतली की प्रेक्षकाच्या मनात पुढच्या संकटाची सावली पडते.

ऑथेल्लोची स्वतःची भाषा

सभेपुढे ऑथेल्लो उभा राहतो आणि सुरुवातीलाच सांगतो की मला गोड बोलता येत नाही, सातव्या वर्षापासून मी छावणीत वाढलो. आणि मग असे बोलतो की सगळी सभा चित्रासारखी स्तब्ध होते. तो शत्रूच्या हाती सापडला होता, गुलाम म्हणून विकला गेला होता, पुढे सुटला. त्याने वाळवंटे पाहिली, आभाळाला टेकलेले डोंगर पाहिले. माणसे खाणारी माणसे आणि खांद्यांखाली डोके असलेली माणसे यांच्याही गोष्टी त्याने सांगितल्या. डेस्डेमोना घरकाम झटपट आटोपून यायची आणि कान देऊन ऐकायची. त्याच्या दुःखाने ती हळहळली आणि त्या हळहळीवर त्याचे प्रेम बसले. एवढीच काय ती माझी जादू, असे तो सांगतो.

त्या खांद्याखाली डोके असलेल्या माणसांची वर्णने प्लिनी या रोमन लेखकापासून युरोपातल्या प्रवासकथांत चालत आलेली होती. युरोपातले लोक दूरदेशीच्या माणसांविषयी ज्या विचित्र गोष्टी सांगत, त्याच गोष्टी आता दूरदेशीचा माणूस युरोपला सांगतो आहे, आणि त्याला दाद मिळते आहे. शब्दांवर इथे त्याची हुकमत आहे. स्वतःचे आयुष्य तो स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे. हीच त्याची उंची आहे. ही उंची लक्षात ठेवली तरच पुढची पडझड कळते.

पुरावा नाही, फक्त चित्र

तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश हा या नाटकाचा कणा. तो सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो सुखी आहे, आणि संपतो तेव्हा बायकोला मारायचे त्याने ठरवलेले आहे. मध्ये काय घडते? प्रत्यक्षात जवळजवळ काहीच नाही. एक माणूस बोलतो, दुसरा ऐकतो.

इयागो आपली रीत प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवतो. ऑथेल्लोच्या कानात मी रोग ओतीन, असे तो म्हणतो. कोळ्यासारखे जाळे विणीन, आणि त्या जाळ्याचा धागा डेस्डेमोनाच्या चांगुलपणातूनच काढीन, असेही म्हणतो. ती दयाळू आहे, म्हणून ती कॅसिओसाठी रदबदली करणार. जितकी जास्त करील तितकी अडकेल. विष, जाळे, डांबर. या तीन चित्रांत सगळा कट आला.

ऑथेल्लोपुढे मात्र इयागो सरळ आरोप करत नाही. तो अर्धे वाक्य बोलून थांबतो. ऑथेल्लोचाच शब्द उचलून प्रश्नासारखा परत टाकतो. ऑथेल्लो चिडून म्हणतो की याच्या मनात कसला तरी राक्षस दडला आहे आणि तो दाखवायला भितो आहे. थोड्याच वेळात इयागो मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणतो आणि साळसूदपणे त्यापासून जपायला सांगतो. राक्षस हा शब्द आधी कुणी काढला? ऑथेल्लोने. इयागोने त्याला डोळे लावून परत दिला.

ऑथेल्लो पुरावा मागतो, डोळ्यांनी पाहिलेला हवा म्हणतो. तेव्हा इयागो विचारतो की पाहणार तरी कसे? ती दोघे बोकडांसारखी माजलेली असली, माकडांसारखी चेकाळलेली असली, तरी तुम्हाला ते पाहायला कसे मिळणार? ऐका बरे. नाही म्हणता म्हणता त्याने दाखवून टाकले. बोकड आणि माकड ऑथेल्लोच्या डोळ्यांत शिरले. न घडलेली गोष्ट त्याने पाहिली.

आणि या इयागोला सगळे काय म्हणतात? प्रामाणिक. प्रामाणिक, प्रामाणिकपणा हे शब्द या नाटकात सुमारे पन्नास वेळा येतात आणि त्यांतले कितीतरी या एका माणसासाठी. एखादा शब्द इतका घासला की त्याचा अर्थ झिजून जातो. प्रेक्षकाला तो शब्द ऐकला की शहारा येतो. नाटकातल्या माणसांना येत नाही.

आपलाच चेहरा, आपलीच शिवी

आता मुख्य गोष्ट. याच प्रवेशात एका ठिकाणी ऑथेल्लो म्हणतो की माझे नाव डायनाच्या मुखासारखे निर्मळ होते, ते आता माझ्याच चेहऱ्यासारखे मळके, काळे झाले. डायना ही रोमन लोकांची चंद्राची आणि शीलाची देवता. तिचे नाव घेतले की इंग्रज प्रेक्षकाला शुभ्रता, पावित्र्य, चांदणे सगळे आठवे. म्हणजे एका वाक्यात पूर्वसंदर्भही आहे आणि उपमाही.

पण ही उपमा कुणाची आहे? काळे म्हणजे मळलेले, हे पहिल्या अंकात कोण म्हणत होते? इयागो, त्याचा जोडीदार, संतापलेला सासरा. तेव्हा ऑथेल्लो मान ताठ ठेवून उभा होता. मी राजघराण्यातला आहे, माझे काम माझ्यासाठी बोलेल, अशी त्याची भाषा होती. आता मात्र घाणीला उपमा शोधताना त्याला स्वतःचा चेहरा आठवला. माझ्या मते ऑथेल्लो इथेच मेला. पुढचे दोन अंक त्या मरणाची अंमलबजावणी आहे.

यापूर्वी थोडेसे तो स्वतःशी कारणे शोधतो. ती मला सोडून गेली असेल, कदाचित मी काळा आहे म्हणून, कदाचित मला दरबारी लोकांसारखे गोड बोलता येत नाही म्हणून, कदाचित वय उतरले म्हणून. बायकोने काय केले हे त्याने तिला विचारले नाही. आपल्यात काय कमी आहे हे मात्र त्याने जगाच्या यादीतून वाचून काढले.

मग त्याची भाषा भराभर बदलते. तो बेडकाचे, विहिरीत वळवळणाऱ्या किळसवाण्या जीवांचे बोलू लागतो. चौथ्या अंकात व्हेनिसहून आलेल्या पाहुण्यांदेखत तो बायकोच्या थोबाडीत मारतो आणि जाता जाता बोकड आणि माकडांचे नाव घेऊन ओरडतो. पाहुण्यांना काही कळत नाही. प्रेक्षकाला कळते. ते इयागोचे शब्द आहेत. इयागो आता ऑथेल्लोच्या तोंडाने बोलतो आहे.

बायकांची भाषा

या नाटकात बायका काय बोलतात, हेही आमच्या भगिनींनी ऐकावे. ऑथेल्लो डेस्डेमोनाला वेश्या म्हणतो. तिला तो शब्द उच्चारताही येत नाही. ते नाव माझे आहे का, एवढेच ती विचारते, आणि विचारते तेही इयागोला, ज्याने ते नाव तयार केले.

मरणाच्या रात्री तिला आईच्या घरची एक मोलकरीण आठवते. तिचे नाव बार्बरी. तिला तिच्या माणसाने टाकले होते आणि ती वाळुंजाच्या झाडाचे एक जुने गाणे म्हणत मेली. बार्बरी म्हणजे उत्तर आफ्रिकेचा किनारा. पहिल्या अंकात इयागोने ऑथेल्लोला ज्या घोड्याची उपमा दिली, तो घोडाही बार्बरीचाच. एकाच शब्दाची ही दोन टोके. इयागोच्या तोंडी बार्बरी हे जनावर होते. डेस्डेमोनाच्या तोंडी ती माणूस आहे, दुःखी बाई आहे, आणि मालकीण आज स्वतःचे दुःख त्या मोलकरणीच्या गाण्यात ओळखते आहे. २०११ साली अमेरिकेच्या थोर काळ्या लेखिका टोनी मॉरिसन यांनी ‘डेस्डेमोना’ हे नाटक लिहिले आणि त्यात या बार्बरीला स्वतःचा आवाज दिला. चारशे वर्षे एका उल्लेखात अडकलेली बाई शेवटी बोलली.

एमिलियाची भाषा वेगळी आहे. पुरुष म्हणजे नुसते पोट आणि आम्ही अन्न, भूक असेपर्यंत खातात आणि मग ढेकर देतात, अशा अर्थाचे ती बोलते. बायकांनाही डोळे आहेत, जीभ आहे, गोड-आंबट कळते, हे ती नवऱ्यांना बजावते. शेवटच्या अंकात नवरा तलवार उपसून गप्प बस म्हणत असताना ती साध्या शब्दांत सांगते की तो रुमाल मला सापडला आणि मी माझ्या नवऱ्याला दिला. इथे एकही उपमा नाही. तीन अंक विणलेले जाळे एका साध्या वाक्याने फाटते.

तरीही शेक्सपिअर तिला देवी करत नाही. संतापाच्या भरात तीच एमिलिया डेस्डेमोनाला देवदूत आणि ऑथेल्लोला अधिकच काळा सैतान म्हणते. सत्य बोलणारी बाई, पण जीभ त्याच समाजाची.

रुमाल, दिवा आणि मोती

रुमालाचेही तसेच. ही गोष्ट शेक्सपिअरने चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या कथेवरून घेतली. त्या कथेत रुमाल आहे, पण तो नुसता सुंदर नक्षीचा रुमाल आहे. नायकाला तर तिथे नावही नाही. शेक्सपिअरने नायकाला नाव दिले आणि रुमालाला कुळकथा दिली. एका मिसरी जादूगारणीने तो ऑथेल्लोच्या आईला दिला, दोनशे वर्षांच्या म्हातारीने तो विणला, रुमाल हरवला तर नवऱ्याचे प्रेम जाईल. ज्या जादूटोण्याचा आरोप त्याने पहिल्या अंकात हसून उडवला होता, तीच जादू आता तो स्वतः बायकोला सांगून घाबरवतो आहे. लोकांनी त्याच्याविषयी रचलेली गोष्ट तो अंगावर चढवतो आहे. आणि शेवटच्या अंकात तोच म्हणतो की तो रुमाल माझ्या बापाने आईला दिला होता. मग खरे काय? नाटक उत्तर देत नाही. प्रेक्षकाने ठरवायचे.

खून करायला तो हातात दिवा घेऊन येतो. हा दिवा विझवला तर पुन्हा पेटवता येईल, पण तिचा दिवा विझला तर प्रॉमेथिअसची आग मी कुठून आणू, असा त्याचा विचार. ग्रीक कथेत प्रॉमेथिअसने देवांकडून अग्नी चोरून माणसांना दिला. त्या एका नावाने प्रेक्षकाला कळते की ऑथेल्लोला सगळे कळते आहे. जीव परत येत नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही हात थांबत नाही. कळत असून न थांबणे, हीच शोकांतिका.

शेवटच्या भाषणात तो स्वतःची तुलना एका माणसाशी करतो, ज्याने आपल्या सगळ्या टोळीपेक्षा मोलाचा मोती फेकून दिला. तो माणूस कोण? इथे एक गंमत आहे. १६२२ च्या छापील प्रतीत तो ‘इंडियन’ आहे आणि १६२३ च्या प्रतीत ‘ज्युडियन’. त्या काळच्या छापाईत हे दोन शब्द जवळजवळ सारखे दिसत. इंडियन म्हटले, म्हणजे हिंदुस्थानचा घ्या नाहीतर अमेरिकेचा मूळ रहिवासी घ्या, तर अर्थ होतो की त्याला मोत्याची किंमत कळली नाही, तो अडाणी होता. ज्युडियन म्हटले तर ख्रिस्ताला विकणारा ज्यूडास किंवा बायकोला मारवणारा राजा हेरॉड आठवतो, आणि अर्थ होतो की त्याने विश्वासघात केला. दोनचार अक्षरांवर निकाल बदलतो : अज्ञान की पाप? विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

त्यानंतर ऑथेल्लो शेवटची आठवण सांगतो. अलेप्पो शहरात एक तुर्क व्हेनिसच्या माणसाला मारत होता आणि राज्याची निंदा करत होता. मी त्या कुत्र्याचा गळा धरला आणि त्याला असे भोसकले. हे ‘असे’ म्हणताना तो स्वतःच्या पोटात सुरी खुपसतो. आता हिशेब करा. मारणारा व्हेनिसचा इमानी सैनिक, तोही ऑथेल्लो. मरणारा परधर्मी कुत्रा, तोही ऑथेल्लो. ज्या राज्याची त्याने सेवा केली त्या राज्याच्याच नजरेने त्याने स्वतःकडे पाहिले, आपल्यातला परका शोधला आणि त्याला ठार केले. नाटकाच्या सुरुवातीला दुसऱ्यांनी त्याला जनावर म्हटले होते. शेवटी ते त्याने स्वतःच म्हटले.

आणि इयागो? यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही, असे सांगून तो तोंड मिटतो. काम झाले होते. हत्यार म्यान केले.

हे नाटक कुणी आपले केले

पहिला ऑथेल्लो गोरा नट रिचर्ड बर्बेज होता. पुढेही दोनशे वर्षे गोरे नटच ती भूमिका करत. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला काळा नट आयरा अल्ड्रिज लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला झोडपले, दोनच प्रयोगांनंतर त्याला तिथून जावे लागले. त्याने युरोपभर फिरून हीच भूमिका गाजवली. १८६७ साली तो पोलंडमध्ये वारला. योगायोग असा की त्याच साली महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’चे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढे १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी याच नाटकावरून ‘झुंजारराव’ लिहिले.

पॉल रोबसन यांचे वडील गुलामीत जन्मलेले. मुलाने १९३० साली लंडनमध्ये आणि १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये ऑथेल्लो उभा केला. न्यूयॉर्कला २९६ प्रयोग झाले. नंतरच्या दौऱ्यात जिथे काळ्या प्रेक्षकांना वेगळे बसवत, अशा नाट्यगृहात त्यांनी प्रयोग केला नाही. १९८७ साली दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट असताना जॉन कानी यांनी जोहान्सबर्गला ही भूमिका केली. काळ्या आणि गोऱ्या माणसांतील लग्नाला बंदी करणारा कायदा तिथे दोनच वर्षांपूर्वी रद्द झाला होता.

२००६ च्या ‘ओंकारा’ या हिंदी चित्रपटाने हे नाटक उत्तर प्रदेशात आणले. तिथे नायकाच्या कातडीच्या रंगाची जागा जातीने घेतली. ओंकाराची आई खालच्या मानलेल्या जातीची, म्हणून त्याला अर्धा ब्राह्मण म्हणून टोचले जाते. रुमालाचा कमरपट्टा झाला. गोष्ट कुठेही अडली नाही. कारण अपमानाची भाषा भाषांतराला फार सोपी असते.

एक प्रश्न मात्र उरतो. हे नाटक काळ्या माणसाविषयीचा समज मोडते की पक्का करते? घानात जन्मलेले ब्रिटिश नट ह्यू क्वार्शी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस म्हटले होते की कदाचित काळ्या नटाने ही भूमिका करूच नये. २०१५ साली त्यांनीच ती केली, आणि त्यांच्यासमोर इयागोही काळा नट होता, लुशियन म्सामाटी. प्रश्न सुटला असे नव्हे. पण तो रंगमंचावर आणून विचारला गेला.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी हे नाटक अभ्यासाला घेऊन बसली तर तिला अलंकारांची यादी पाठ करू द्या, गुणांसाठी ती लागते. पण प्रत्येक उपमेपाशी एक प्रश्न विचारायला सांगा : हा शब्द पहिल्यांदा कुणी काढला, आणि आता कुणाच्या तोंडी आहे? या एका प्रश्नाने सगळे नाटक उलगडते.

तोच प्रश्न घरातही विचारायला हरकत नाही. आपले मूल शाळेतून आले आणि स्वतःविषयी, आपल्या रंगाविषयी, आईबापाच्या कामाविषयी काही हिणवणारे बोलले, तर त्याला रागावण्याआधी जवळ घ्या आणि विचारा, बाळा, हा शब्द तुझा आहे का? कुणी दिला तुला? ऑथेल्लोला हे विचारणारे कुणी नव्हते.